रजोनिवृत्तीनंतर हाडांच्या घनतेचा अहवाल कसा वाचावा आणि हाडे कशी जपावीत

हाडांच्या घनतेची तपासणी करून आलेल्या स्त्रीच्या हाती जो कागद पडतो, त्यावर कंबरेच्या मणक्यांचे व खुब्याचे चित्र, हिरवा-पिवळा-लाल पट्टा आणि आकड्यांचा एक तक्ता असतो. ठिपका लाल पट्ट्यात दिसला की काहीजणी हबकून जातात, आणि पिवळ्यात दिसला की काहीजणी निर्धास्त होऊन कागद कपाटात ठेवून देतात. हे दोन्ही टाळायला हवे, कारण तो आकडा हाड मोडण्याच्या धोक्याचा केवळ एक भाग सांगतो. उरलेला धोका वय, पूर्वी मोडलेले हाड, चालू असलेली औषधे आणि घरातली ओली फरशी यांवर ठरतो.

तक्त्यात प्रत्येक जागेसमोर साधारणपणे तीन आकडे असतात. पहिला म्हणजे प्रत्यक्ष घनता, जी दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे अशी मोजली जाते. दुसरा टी स्कोर, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीपेक्षा आपली घनता किती खाली किंवा वर आहे त्याचे माप. तिसरा झेड स्कोर, म्हणजे आपल्याच वयाच्या स्त्रियांशी केलेली तुलना. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीचे निदान टी स्कोरवर होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या सीमांनुसार उणे १ किंवा त्याहून वरचा स्कोर सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांच्या मधला म्हणजे घनता कमी झालेली, ज्याला डॉक्टर ऑस्टिओपेनिया म्हणतात, आणि उणे २.५ किंवा त्याहून खालचा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा. झेड स्कोर उणे २ किंवा त्याहून खाली असेल, तर वयाखेरीज आणखी काही कारण हाडे झिजवत आहे का, याचा शोध डॉक्टरांनी घ्यावा अशी अपेक्षा असते.

निदानासाठी कंबरेचे मणके, मांडीच्या हाडाची मान आणि संपूर्ण खुबा या जागांपैकी सर्वांत कमी टी स्कोर धरला जातो. काही अहवालांत ‘वॉर्ड्‌स’ नावाची खुब्यातली आणखी एक जागा छापलेली असते आणि तिचा आकडा अनेकदा फार खाली असतो. तो निदानासाठी वापरत नाहीत, म्हणून त्यावरून घाबरून जाऊ नये.

तक्ता बारकाईने का पाहावा, हे एका काल्पनिक अहवालावरून लक्षात येईल. समजा, साठीतल्या एका बाईंच्या अहवालात एल १ (कंबरेचा पहिला मणका; याप्रमाणे एल ४ पर्यंत चार मणके) समोर उणे २.८, एल २ समोर उणे २.७, एल ३ समोर उणे २.५ आणि एल ४ समोर उणे ०.४ लिहिले आहे, आणि खाली चारही मणक्यांचा एकत्रित स्कोर उणे २ दिला आहे. केवळ शेवटची ओळ वाचली, तर हा ऑस्टिओपेनिया ठरतो. परंतु चौथा मणका शेजारच्या मणक्यापेक्षा एवढा ‘मजबूत’ असणे संशयास्पद आहे. वयोमानाने मणक्यांच्या कडांवर वाढलेले हाड, संधिवाताची झीज किंवा चक्क दबून मोडलेला मणका यांमुळे यंत्राला तिथे जास्त खनिज दिसते. अशा वेळी तो मणका वगळून उरलेल्यांचा हिशोब करतात, आणि तसा केला की हा अहवाल ऑस्टिओपोरोसिसचा ठरतो. शेजारच्या मणक्यांत एकापेक्षा अधिक स्कोरचा फरक दिसला, तर डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे.

याच्या उलट, ठेंगण्या आणि बारीक बांध्याच्या स्त्रीची घनता प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी दिसू शकते, कारण यंत्र हाडाची जाडी मोजत नाही, केवळ सपाट चित्राचे क्षेत्रफळ मोजते. शिबिरांमध्ये टाचेवर यंत्र लावून जी तपासणी करतात, ती ध्वनिलहरींवर चालते. तिचा उपयोग फार तर डेक्सा, म्हणजे वर सांगितलेली क्ष-किरणांची कंबर-खुब्याची तपासणी, करावी का हे ठरवण्यापुरता आहे. तिच्या आकड्यावर ऑस्टिओपोरोसिसचे निदान करू नये आणि औषध तर मुळीच सुरू करू नये.

आकड्यापेक्षा वजनदार गोष्ट एकच आहे, ती म्हणजे किरकोळ कारणाने मोडलेले हाड. उभ्या उंचीवरून पडल्यामुळे खुबा किंवा मणका मोडला असेल, तर टी स्कोर उणे १.८ असला तरी त्या स्त्रीचा ठिसूळपणा सिद्ध झाला असे मानून उपचार करतात. मनगट मोडले असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मणक्याचे फ्रॅक्चर पुष्कळदा लक्षातही येत नाही, पाठ दुखते म्हणून बाम चोळत महिने निघून जातात. तरुणपणच्या उंचीपेक्षा चारेक सेंटिमीटर उंची कमी झाली असेल किंवा पाठीला पोक येऊ लागला असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.

आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यामुळे, हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. पासष्टीनंतर प्रत्येक स्त्रीने ही तपासणी करावी असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. परंतु आईचा खुबा मोडलेला असणे, वजन फार कमी असणे, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक घेतलेल्या असणे, थायरॉइडचा जोर असणे किंवा पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेली असणे, यांपैकी काहीही असेल तर त्याआधीच करावी. आपल्या गावांमध्ये ‘पिशवी काढलेल्या’ स्त्रिया पुष्कळ आहेत. केवळ गर्भाशय काढले असेल, तर पाळी थांबते, पण बीजांडकोश काम करत राहतात. दोन्ही बीजांडकोशही काढले असतील, तर मात्र त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते आणि हाडांची झीज तेव्हापासून सुरू होते. ऑपरेशन तिशी-पस्तिशीत झाले असेल, तर हा फरक फार मोठा ठरतो. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड शोधून नेमके काय काढले आहे, हे पाहावे आणि ते कार्ड डॉक्टरांना दाखवावे. मिसरी लावण्याची सवयही त्यांच्यापासून लपवू नये, कारण तंबाखू कोणत्याही रूपात हाडांना घातकच आहे.

घनता कमी आढळल्यावर लगेच औषध लिहून घेण्याची घाई नको. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्या आधी व्हाव्यात. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेमुळे हाडे मऊ पडतात आणि तेव्हाही टी स्कोर खालीच येतो. त्या अवस्थेत हाडांची झीज थांबवणारे इंजेक्शन दिले, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. या जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्यास शरीरात विषबाधा होऊ शकते, म्हणून चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द घरातल्या कोणाकडून तरी पुन्हा वाचून घ्यावेत.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. सांगली-साताऱ्याच्या स्वयंपाकघरात ते बव्हंशी अन्नातूनच मिळू शकते. दोनशे मिलिलिटरचे दोन पेले दूध सुमारे ४८० मिलिग्रॅम देते, दह्याची एक वाटी दोनशेच्या आसपास, आणि जावळी-पाटणकडे रोज खाल्ली जाणारी नाचणीची एक भाकरी आणखी दोनशेच्या आसपास. माठाची पालेभाजी आणि शेवग्याचा पाला यांतही ते भरपूर असते. पालकातले कॅल्शियम मात्र त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे अंगी फारसे लागत नाही. एवढे पोटात जात असेल, तर गोळीची गरज थोडीच उरते. गोळी घ्यावीच लागली, तर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, आणि थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. डाळी, उसळी, अंडी यांतून प्रथिनेही तितकीच जपावीत, कारण निम्मे हाड प्रथिनांच्या जाळ्यावर उभे असते.

दिवसभर शेतात आणि घरात राबणाऱ्या स्त्रीला व्यायाम सांगणे अन्यायाचे वाटते, तरीही राबणे आणि हाडांना हवा तसा ताण मिळणे यांत फरक आहे. भरभर चालणे, जिने चढणे, आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे किंवा रबरी पट्ट्याचे व्यायाम, आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव, यांची सांगड घालावी. मणका मोडलेला असेल किंवा टी स्कोर बराच खाली असेल, तर कंबरेतून पुढे वाकणे टाळावे, म्हणजेच पश्चिमोत्तानासन नको आणि सूर्यनमस्कारातले पुढे वाकणेही नको. दळणाचा डबा किंवा पाण्याची घागर उचलताना गुडघे वाकवून, वस्तू अंगाशी धरून उठावे. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून गतिरोधकावरचा हिसका घेणे आणि दुचाकीवर मागे एका बाजूला बसून खड्ड्यांतून जाणे ठिसूळ मणक्यांना मानवत नाही. मधल्या सीटवर बसावे.

खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतो. न्हाणीघरात घट्ट बसवलेला दांडा आणि खरखरीत फरशी, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा, पावसाळ्यात परसदारी साचणारे शेवाळ घासून काढणे, मोतीबिंदूचे ऑपरेशन वेळेवर करणे आणि झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना घेरी येते का हे पाहणे, या गोष्टी औषधाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

औषधांपैकी अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. त्या अर्ध्या तासात चहाही नको. झोलेड्रोनिक ॲसिड बहुधा वर्षातून एकदा शिरेतून देतात. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते आणि त्याच्या तारखेत हयगय चालत नाही, कारण ते मध्येच थांबवले तर मणके एकामागून एक मोडण्याचा धोका असतो. ते बंद करायचे असल्यास पुढचे औषध आधी ठरवून घ्यावे. दात काढायचा असेल, तर दंतवैद्यांना यांपैकी कोणते औषध चालू आहे, ते आधी सांगावे.

पुन्हा तपासणी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा एक ते दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच यंत्रावर करावी. मिरजेतल्या एका यंत्रावरचा आकडा कराडच्या दुसऱ्या यंत्राशी थेट ताडून पाहता येत नाही. तुलना टी स्कोरची न करता प्रत्यक्ष घनतेची करावी. तीन ते पाच टक्क्यांच्या आतला फरक यंत्राच्या आणि झोपण्याच्या स्थितीच्या चुकीतूनही येऊ शकतो. तपासणीच्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नये, कंबरेजवळ धातूच्या पिना व हुक नसावेत, आणि जुना अहवाल बरोबर न्यावा.