किट टाकलं, कार्बोरेटर बदलला, आता किक मारून घाम? या चुका टाळा

बाईकला बोअर-किट (मोठा सिलेंडर-पिस्टन) टाकलं, २६ मिमीचा कार्बोरेटर बसवला, कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) लावला आणि आता वीस किक मारल्याशिवाय गाडी हूं म्हणत नाही. मग पहिलं वाक्य ठरलेलं: "भो, प्लग नवा टाकला तरी तेच." प्लग बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आधी बघा, गाडी अडते कधी. धुळ्याच्या थंडीत सकाळी, की भुसावळच्या मे महिन्यात टपरीवर दहा मिनिटं थांबल्यावर? थंड इंजिन अडतं तेव्हा बहुधा पेट्रोल कमी पडतं. गरम अडतं तेव्हा पेट्रोल जास्त झालेलं असतं, नाहीतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) आवळलेले असतात. पाच-सहा किक मारून प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला निघाला तर करंट बघा. एवढं दोन मिनिटांचं काम सोडून लोक थेट सीडीआय (प्लगला करंट देणारा डबा) विकत आणतात.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक मॅनिफोल्डची, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीची. उदाहरण घ्या. शंभर सीसीची गाडी, मोठं किट, मोठा कार्बोरेटर. तीन प्लग झाले, कॉइल झाली, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) दोनदा बदलून झाला, तरी सकाळी तेच रडगाणं. मॅनिफोल्ड खोलला तर आत पॅकिंगऐवजी साधा सिलिकॉन. तो पेट्रोलने फुगून मऊ पडलेला. त्यात नट इतके आवळलेले की फ्लँज (जोडाची सपाट कड) रावेरच्या केळीसारखी वाकलेली. मधल्या फटीतून इंजिन हवा ओढत होतं, जेट कितीही वाढवला तरी काय उपयोग? असा फ्लँज सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून गोल-गोल घासायचा, नवं पॅकिंग आणि ओ-रिंग टाकायची, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. पॅकिंग दहा-वीस रुपयांना मिळतं, पण घाईतल्या पोरांना सिलिकॉनची ट्यूब जवळची वाटते. शंका असेल तर गाडी स्लोवर (रेस न देता चालू) ठेवून जोडावर साबणाचं पाणी मारा. स्लो अडखळला की समजा तिथून हवा घेते. पेट्रोल शिंपडून तपासू नका, सायलेन्सर शेजारीच असतो.

याच जागी दुसरा घोळ. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये कंपनीने दिलेला काळा जाड बेकलाइटचा तुकडा "जागा खातो" म्हणून फेकून देतात. तो हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ देत नाही. तो काढला की उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं. मग चोक ओढणारे आणखी फसतात. अशा वेळी चोक बंद, रेस पूर्ण उघडी आणि सलग सात-आठ किक. नंतर तो तुकडा परत बसवा आणि पेट्रोलची नळी सिलेंडरपासून लांबून न्या.

थंडीत चोक ओढून रेस पिळत किक मारणं हीसुद्धा आवडती चूक. प्लंजरचा चोक इंजिनाच्या ओढीवर चालतो, रेस उघडली की ओढ कमी होते आणि चोकचं पेट्रोल येतच नाही. ॲक्सलरेटर पंप नसलेल्या कार्बोरेटरमध्ये किक मारण्याआधी रेस पिळून थेंबही जास्त येत नाही. हात मोकळा ठेवा.

स्टार्टिंग आणि स्लो पायलट जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या जेटवर चालतात. मेन जेटचं काम पाऊण रेसच्या पुढे, त्यामुळे स्टार्टिंगसाठी त्याला हात लावू नका. कार्बोरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलटं. हलक्या हाताने बंद करून दीड फेरा उघडा आणि इंजिन गरम असताना स्लो सर्वात चांगला कुठे बसतो ते बघा. हवेचा स्क्रू एका फेऱ्याच्याही आत बसत असेल तर पायलट एक नंबर मोठा टाका.

किट टाकल्यावर टॅपेट परत सेट करा, तेही थंड इंजिनवर. थंडीत जास्त नंबरचा एनजीके प्लग टाकू नका, तो थंड प्रकारचा असतो आणि लवकर काळा पडतो. महिनाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल आधी काढून टाका.

सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही, तेव्हा मीटर लावा. सेल्फ दाबल्यावर १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली गेली, तर दोष बॅटरीचा, कार्बोरेटर खोलायचाच नाही.