हाताने गुंफलेली नथ विकताना वर्णन कसं लिहावं

नुसतं 'सुंदर मोत्याची नथ' लिहिलं की दहा जणी विचारतात, "दाबाची आहे का?" आणि घाईत घेतलेली परत येते. म्हणून हा क्रम ठेवा.

1. पहिल्याच ओळीत प्रकार: टोचलेल्या नाकाची की दाबाची. टोचलेल्या नाकाची असेल तर तारेची जाडीही मिलिमीटरमध्ये लिहा. जाड तार बारीक छिद्रातून जात नाही.
2. धातू: तार पितळेची, तांब्याची की चांदीची, आणि वर मुलामा आहे का. मुलाम्याच्या नथीला 'सोन्याची' म्हणू नका. चांदी 92.5 टक्के असेल तर आकडा द्या.
3. मोती कल्चर (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले), काचेचे की प्लास्टिकचे. मधला खडा कुठला.
4. उंची, रुंदी, वजन. वजन विसरू नका, दाबाची नथ जड असली की घसरते. फोटो तळहातावर, शेजारी दहाचं नाणं (27 मिमी) ठेवून.

ठुशी, तन्मणी वेगळ्या गटात टाका. तिथे गळ्याचं माप आणि गोंड्याची दोरी किती सरकते ते महत्त्वाचं.

एक जपा: रंग गुलाबीसर आहे म्हणून 'बसरा मोती' लिहू नका. बसरा म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती, रंगाचं नाव नव्हे.