हाताने जोडलेला सॅम्पलर क्विल्ट: पहिल्या रेघेपासून शेवटच्या पट्टीपर्यंत

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, आणि ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून तयार झालेला तिचा एक चौकोन. सॅम्पलर क्विल्टमधला प्रत्येक ब्लॉक वेगळ्या नमुन्याचा असतो. असे तीस ब्लॉक हाताने जोडायला आठ-दहा महिने सहज जातात. टाका घालणं हा यातला सोपा भाग. पहिल्या महिन्यात शिवलेला ब्लॉक नवव्या महिन्यातल्या ब्लॉकशेजारी ठेवल्यावर मापाला मापाने जुळला पाहिजे, हे जास्त कठीण, कारण मधल्या काळात हात बदलतो, पेन्सिल बदलते, कधी मोजपट्टीही बदलते. म्हणून शिवणीची रेघ प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला काढायची आणि त्या रेघेवरच शिवायचं. मशीनवर कापडाच्या कडेपासून अंतर धरून शिवतात. हाताने शिवताना कड महत्त्वाची नसते, रेघ महत्त्वाची असते.

आराखडा आणि कापड

पहिल्याच मोठ्या सॅम्पलरसाठी ब्लॉक शिवून झाल्यावर ९ इंच भरेल असा धरा, म्हणजे चारही बाजूंच्या पाव-पाव इंच मायेसह (शिवणीच्या रेघेबाहेर सोडलेलं कापड) ९.५ इंच. जेन स्टिकल या अमेरिकन बाईंच्या १८६३ सालच्या प्रसिद्ध क्विल्टमधले चौकोनी ब्लॉक साडेचार इंची आहेत आणि त्यावर त्यांनी तुकड्यांची संख्या शिवून ठेवली आहे: ५६०२. ते काम अप्रतिम आहे, पण त्या मापात पाव इंच माया धरली की कित्येक तुकड्यांत माया जास्त आणि दिसणारं कापड कमी अशी स्थिती येते. ९ इंचात बोटांना जागा मिळते.

आडवे ५ आणि उभे ६ असे ३० ब्लॉक, मध्ये आणि भोवती २ इंची पट्ट्या, पट्ट्या जिथे मिळतात तिथे छोटे चौकोन, आणि शेवटी ५ इंची बॉर्डर. आतला भाग ५७ बाय ६८ इंच होतो, बॉर्डरसकट ६७ बाय ७८. पट्ट्या ७१ लागतात, प्रत्येकी २.५ बाय ९.५ इंच कापलेल्या. जोडचौकोन ४२, प्रत्येकी २.५ इंच. कापडाचा पन्हा ४२ इंच धरला तर पट्ट्यांना दीड मीटर, बॉर्डरला उभी कापायची असल्यामुळे २ मीटर, जोडचौकोनांना पाव मीटर पुरतं. ब्लॉकच्या पार्श्वभूमीला अडीच मीटर घ्या. पार्श्वभूमीचं आणि पट्ट्यांचं कापड एकदमच विकत घ्यायचं. सहा महिन्यांनी तोच रंग मागायला गेलात तर नव्या रंगाईचा तागा अर्ध्या छटेने वेगळा निघतो, आणि तो फरक पांढऱ्यावरही दिसतो.

सगळं कापड सुती आणि साधारण एकाच जाडीचं असू द्या. आधी धुवून वाळवा. गडद लाल आणि निळं वेगळं धुवा. पाण्याला रंग येत राहिला तर ते कापड या कामात नको, कारण पुढे पूर्ण क्विल्ट धुताना तो रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरेल. धुतल्यावर कापड लुळं पडलं असेल तर हलकी खळ द्या. रेघ स्वच्छ उमटते.

साचे

इथे घाई केली तर पुढचे दहा महिने ती चूक निस्तरावी लागते.

ब्लॉक पूर्ण मापात, ९ बाय ९ इंच, कागदावर काढा. नऊचे तीन भाग सोपे आहेत, चारही जमतात. पाच किंवा सात भागांचा नमुना आला की आकडेमोड करत बसू नका. पाच भागांसाठी मोजपट्टी चौकोनावर तिरकी ठेवा: शून्य डाव्या बाजूवर, १० इंच उजव्या बाजूवर. दर २ इंचांवर खूण करा आणि त्या खुणांतून उभ्या रेघा काढा. सातसाठी १०.५ इंच घ्या आणि दर दीड इंचावर खूण करा. अष्टकोनी चांदणी असेल तर कंपास चौकोनाच्या कोपऱ्यावर ठेवून मध्यबिंदूपर्यंत उघडा (सुमारे ६.३६ इंच) आणि दोन्ही लगतच्या बाजूंवर कंस मारा. चारही कोपऱ्यांतून हेच केलं की प्रत्येक बाजूचे २.६४, ३.७२ आणि पुन्हा २.६४ असे भाग पडतात. चांदणीच्या प्रत्येक शंकरपाळ्याची बाजूही २.६४ इंचच असते, त्यावरून चित्र तपासता येतं.

या चित्रावरून अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर साचे उतरवा, माया न धरता. प्रत्येक साच्यावर ब्लॉकचं नाव, तुकड्याचं अक्षर, किती हवेत ते आणि उभ्या धाग्याची दिशा दाखवणारा बाण लिहा. पुठ्ठ्याचा साचा नको: पेन्सिल फिरून फिरून त्याची कड झिजते आणि विसावा तुकडा पहिल्यापेक्षा लहान निघतो. साचे कात्रीने कापल्यावर मूळ चित्रावर ठेवून पाहा. कुठे रेघ दिसत असेल तर साचा लहान झालाय, नवीन कापा.

धाग्याच्या दिशेचा नियम असा की ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येणारी प्रत्येक बाजू कापडाच्या सरळ धाग्यात असावी. बाहेर उरेब (धाग्याला तिरकी कापलेली) कड आली की इस्त्रीखालीच ताणते आणि ब्लॉक कधी चौरस राहत नाही. अष्टकोनी चांदणीच्या बाजूच्या त्रिकोणांत हमखास चुकतं. तिथे लांब बाजू बाहेर येते, म्हणून सरळ धागा लांब बाजूला हवा, आखूड दोन बाजूंना नाही.

आखणे आणि कापणे

फळीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर कापड उलटं पसरा. मग कापड सरकत नाही आणि पेन्सिल त्याला ओढत नाही. ०.५ मिमीची यांत्रिक पेन्सिल, गडद कापडावर पांढरी किंवा पिवळी. साचा दाबून धरा, पेन्सिल तिरकी करून टोक साच्याला चिकटून फिरवा. कोपऱ्यांवर रेघा थोड्या पुढे नेऊन एकमेकींना छेदू द्या, म्हणजे कोपऱ्याचा बिंदू नेमका कळतो. शाईची पेनं टाळा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती पक्की बसते, आणि उष्णतेने उडणारी शाई थंडीत परत दिसू शकते.

दोन तुकड्यांच्या रेघांमध्ये निदान अर्धा इंच ठेवा आणि मग रेघेबाहेर अंदाजे पाव इंच माया सोडून कापा. माया इकडेतिकडे थोडी कमीजास्त चालेल, रेघ चालणार नाही. प्रत्येक तुकडा १ मिमीने मोठा आखला गेला आणि ओळीत असे आठ तुकडे असले, तर ब्लॉक ८ मिमीने, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश इंचाने वाढतो. टाके कितीही सुबक असले तरी हा फरक लपत नाही.

एका ब्लॉकचे सगळे तुकडे ओळीने मांडा, ओळीवार टाचा, आणि चित्रासह एका पाकिटात ठेवा. एका वेळी चार-पाच ब्लॉकची पाकिटं तयार असली की रोज अर्धा तास मिळाला तरी काम पुढे सरकतं. तीसच्या तीस मात्र आधी कापू नका. पुढे रंगांचा तोल बदलावासा वाटेल, तेव्हा कापड हातात राहायला हवं.

टाका

सुई शार्प्स १० किंवा ११ नंबरची. नंबर मोठा तशी सुई बारीक. सुती दोरा ५० वजनाचा (हा दोऱ्याच्या जाडीचा क्रमांक), लांबी ४५ सेंमीच्या आसपास. लांब दोऱ्याने वेळ वाचतो असं वाटतं, पण तो नेढ्याजवळ झिजतो आणि पीळ घेऊन गुंततो. दोरा गुंतत असेल तर मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढा. पार्श्वभूमी फिकी असेल तर करडा दोरा बहुतेक रंगांत मिसळून जातो.

दोन तुकडे सुलट बाजू आतल्या बाजूला येतील असे एकमेकांवर ठेवा. पहिली टाचणी वरच्या तुकड्याच्या कोपऱ्याच्या बिंदूतून घालून खालच्या तुकड्याच्या बिंदूतूनच बाहेर काढा. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग मधे दोन-तीन टाचण्या, रेघेवर. गाठ मारून बिंदूपाशी सुरुवात करा, एक उलटा टाका घ्या आणि धावदोऱ्याने पुढे जा. इंचाला आठ ते दहा टाके पुरे. सुईवर चार-पाच टाके घेतले की ती ओढण्याआधी काम उलटून मागची रेघ पाहा. सुई मागेही रेघेवरच हवी. ओढल्यानंतर पुढचे चार-पाच टाके उलट्या टाक्याने सुरू करा. त्यामुळे दोरा तुटला तरी शिवण दोन इंचांपलीकडे उसवत नाही. शेवटच्या बिंदूवर थांबा, दोन उलटे टाके घ्या, मायेत शिरू नका.

मायेत न शिवण्याचा फायदा ओळी जोडताना कळतो. आडव्या शिवणीत उभी शिवण आडवी येते तिथे माया शिवून टाकायची नाही. तिच्या अलीकडे बिंदूवर उलटा टाका, सुई मायेच्या मुळातून पलीकडे, आणि तिथे पुन्हा उलटा टाका. मग माया दोन्हीकडे हलवता येते, आणि चार तुकडे मिळतात तिथे चारही माया एका दिशेने भोवऱ्यासारख्या फिरवून सपाट बसवता येतात. जोडावर गुठळी राहत नाही.

शिवण घट्ट ओढली तर बारीक चुण्या पडतात आणि ब्लॉक आखडतो. प्रत्येक शिवण संपली की अंगठ्याच्या नखाने ती टोकापर्यंत पसरवून मगच गाठ मारा.

अवघड जागा

अष्टकोनी चांदणीत शंकरपाळे दोन-दोन जोडा, मग चार-चार, शेवटी दोन अर्धे. बाहेरच्या टोकाला बिंदूवर थांबायचंच, कारण तिथे पुढे त्रिकोण आणि चौकोन बसणार आहेत. मध्यभागी सुई आठही टोकांच्या बिंदूंतून जाते का ते ओढण्याआधी पाहा. तिथे भोक राहिलं तर सगळ्या टोकांतून दोरा ओवून हलकेच आवळा. आत बसणारा चौकोन एका बाजूने आतल्या बिंदूपर्यंत शिवा, उलटा टाका घ्या, दोरा न तोडता सुई मायेतून पलीकडे काढा, चौकोन फिरवा आणि दुसरी बाजू शिवा. मशीनवर वैताग देणारी ही शिवण हाताने अगदी शांतपणे होते. असे ब्लॉक टाळू नका, हाताने जोडण्याचं खरं सुख तिथेच आहे.

वक्र शिवणीत साच्यावरच मध्याची आणि पाव-पाव अंतराची खूण करा. आत वळलेला तुकडा वरच्या बाजूला ठेवा, मध्य, दोन टोकं, मग पावांच्या खुणा या क्रमाने टाचा. वळण तीव्र असेल तरच आतल्या मायेत कात्रीने छेद द्या, रेघेच्या २ ते ३ मिमी अलीकडे थांबून.

महिनोन्‌महिने काम चालू ठेवताना

एकच मोजपट्टी शेवटपर्यंत वापरा. दोन मोजपट्ट्यांच्या इंचात केसाएवढा फरक असतो आणि तो तीस ब्लॉकांत साठतो. पूर्ण झालेला ब्लॉक इस्त्री उचलून ठेवत दाबा, घासत नेऊ नका. मग उलट बाजूला ९ इंची चौकोनाची रेघ आणि चार बिंदू पुन्हा तपासा. कड लगेच छाटू नका, चांदण्यांची टोकं तिथेच कापली जातात. फरक ३ मिमीपर्यंत असेल तर पट्टी जोडताना तो सामावून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर कोणती शिवण रेघेबाहेर गेली ते शोधा. बहुतेक वेळा एक-दोनच शिवणी उसवाव्या लागतात.

सोपे आणि किचकट ब्लॉक आलटूनपालटून घ्या. नऊ चौकोनांचा ब्लॉक दोन-तीन तासांत होतो, पन्नास तुकड्यांचा आठ-दहा तास खातो. सगळे किचकट शेवटाला ठेवले की काम तिथेच अडकून पडतं. दर सहा-सात ब्लॉकांनंतर ते सगळे जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. एखादा ब्लॉक फोटोत करड्या ठिपक्यासारखा सपाट दिसला तर त्यात गडद-फिक्याचा फरक कमी पडलाय, आणि पुढच्या ब्लॉकांत तो वाढवायला हवा.

तयार ब्लॉक सपाट, सुती कापडात, उन्हापासून दूर ठेवा. सुई कामात टोचून महिनाभर ठेवू नका, गंजाचा डाग निघत नाही.

पट्ट्या आणि बॉर्डर

पट्ट्यांवरही साच्याने २ बाय ९ इंचांची रेघ काढा. प्रत्येक ओळीत ५ ब्लॉक आणि ६ उभ्या पट्ट्या. आडव्या ७ ओळींत प्रत्येकी ५ पट्ट्या आणि ६ जोडचौकोन. ओळी एकीला एक लावत गेलात तर कापडाचा भार मांडीवर वाढत जातो आणि शिवण खाली ओढली जाते. दोन-दोन ब्लॉक-ओळींचे तीन खंड करा, मग ते खंड जोडा. टाचताना आधी जोडचौकोनांचे बिंदू जुळवा, नंतर मधलं कापड.

बॉर्डर कापण्याआधी क्विल्टची उंची मध्यावर आणि दोन्ही बाजूंच्या थोडं आत अशी तीन ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. कडेवर मोजू नका, हाताळून हाताळून ती ताणलेली असते, आणि त्या मापाची बॉर्डर लाटांसारखी उठते. उभ्या बाजू आधी लावा, मग रुंदी तशीच मोजून आडव्या. इथे मात्र शिवण टोकापर्यंत, मायेतूनही न्या. सगळ्यात शेवटी भोवताली कडेपासून ३ मिमीवर एक धावदोरा घाला, म्हणजे भरण आणि अस्तर लावेपर्यंत कड ताणणार नाही आणि बाहेरच्या शिवणींची टोकं उसवणार नाहीत.