जुन्या ट्रान्समीटरचा काटा चुकीचं दाखवतोय? व्हॉल्व्ह बदलण्याआधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात अजूनही काही घरांच्या माळ्यावर ८०७ किंवा ६१४६ व्हॉल्व्हचे (काचेच्या जुन्या इलेक्ट्रॉन नळ्यांचे) ट्रान्समीटर पडून आहेत. कुणाचे काका हॅम (हौशी रेडिओ चालवणारे) होते, कुणी मुंबईच्या चोर बाजारातलं जुनं सामान आणून सेट घरीच बांधला होता. लायसन्स हातात आल्यावर पुढच्या पिढीतलं कुणीतरी तो खाली काढतं, आणि पहिली तक्रार निघते मीटरची. ग्रिड करंट (व्हॉल्व्हला सिग्नल देतात त्या टोकाचा) शून्य, प्लेट करंट (आउटपुटच्या टोकाचा) भलताच, नाहीतर काटा उजव्या टोकाला जाऊन बसलेला. शेजारचा जाणकार लगेच निदान करतो, "व्हॉल्व्ह गेलाय की!" ६१४६ आज स्वस्तात मिळत नाही, आणि माझ्या मते अशा वेळी संशय सगळ्यात शेवटी व्हॉल्व्हवर घ्यावा.

आधी जिवाचं बघा. या सेटमध्ये ६०० ते ७५० व्होल्ट एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटचा हाय व्होल्टेज पुरवठा) असते. बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर आतून तुटला असेल, तर प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर भरलेलाच राहतो. चेसिसला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) वायर जोडलेली, लाकडी दांड्याची शॉर्टिंग काठी आधी एचटीवर टेकवा, मग हात घाला. बऱ्याच जुन्या सेटमध्ये प्लेटचा मीटर थेट एचटीच्या ओळीत असतो. त्याची टर्मिनलं आणि कधीकधी काटा शून्यावर आणायचा स्क्रूसुद्धा ६०० व्होल्टवर असू शकतो. सेट चालू असताना त्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावणं ही या यादीतली सगळ्यात महाग चूक.

खोटं कोण बोलतंय ते न ठरवता सोल्डरिंग आयर्न तापवणे

मीटर बिघडलाय की सेट, हे बहुतेक वेळा झाकण न उघडता कळतं. अँटेनाच्या जागी डमी लोड (ट्रान्समीटरची ताकद पचवणारा रेझिस्टर) लावा. जुने लोक १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावायचे, तोही चालेल. फक्त थंड असताना आणि पेटल्यावर त्याचा रेझिस्टन्स बराच वेगळा असतो हे ध्यानात ठेवा. आता ग्रिड करंट शून्य दिसतोय, पण प्लेट ट्यून करताना डिप (प्लेट करंट एका जागी खाली येणं) नीट येतोय आणि बल्बही झकास पेटतोय, तर ड्राइव्ह, म्हणजे आधीच्या टप्प्याचा सिग्नल, पोचलेला आहे. बिघाड ग्रिडच्या मीटर सर्किटमध्ये शोधा. ग्रिड शून्य, डिप नाही, प्लेट करंट चढलेला आणि बल्ब काळा, असं असेल तर मीटर खरं सांगतोय. सेट लगेच बंद करा, नाहीतर प्लेट लाल होईल.

ड्रायव्हरला (त्या आधीच्या टप्प्याला) एचटी मिळतेय पण ड्राइव्ह नाही, आणि ग्रिडचा काटा शून्याच्या डावीकडे सरकतो, हे दिसलं तर ड्रायव्हर आणि ग्रिड जोडणारा कपलिंग कंडेन्सर बघा. ड्रायव्हरच्या प्लेटवरचा डीसी गळून ग्रिड रेझिस्टरमधून उलट्या दिशेने जमिनीकडे जातो. मायकाचा कंडेन्सर कधी खराब होत नाही असं ऐकत आलोय; ओल लागलेले जुने मायका मात्र गळतात.

आणखी एक. मीटर कॅथोडमध्ये (जिथून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो) असेल तर तो प्लेट, स्क्रीन आणि ग्रिड या तिन्हींची बेरीज दाखवतो. प्लेटचे १०० मिलिअँपिअर असतील, तर स्क्रीनचे दहाएक आणि ग्रिडचे तीनेक धरून काटा ११३ च्या आसपास जाणारच. तो दोष नव्हे.

ओहम रेंजवर मीटरची कॉइल तपासणे

काट्याचा मल्टीमीटर एक ओहमच्या रेंजवर कितीतरी मिलिअँपिअर बाहेर ढकलतो. पॅनलवरचा मीटर पूर्ण काट्याला १ मिलिअँपिअरचा. काटा सपकन आपटतो, वाकतो, क्वचित कॉइलच जळते. त्याऐवजी मीटर सेटमधून सोडवा. ९ व्होल्टची बॅटरी, ८.२ किलोओहम रेझिस्टर, ५० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर आणि मिलिअँपिअर रेंजवरचा डिजिटल मल्टीमीटर हे सगळं त्याच्याशी सिरीजमध्ये जोडा. पोटेन्शिओमीटर कमाल रेझिस्टन्सवर ठेवूनच सुरुवात करा, मग हळूहळू कमी करत पूर्ण, अर्ध्या आणि पाव काट्यावर दोन्ही आकडे ताडून बघा.

त्याच जोडणीत कॉइलचा रेझिस्टन्सही मिळतो. काटा पूर्ण आणा, मग मीटरच्या दोन टोकांना समांतर दुसरं छोटं पोटेन्शिओमीटर लावून काटा बरोबर अर्ध्यावर आणा. ते काढून मोजा. जो आकडा येईल तोच जवळजवळ कॉइलचा रेझिस्टन्स. हा आकडा पुढे लागणार आहे.

मिळेल तो मीटर बसवणे

मूळ मीटर जळाला म्हणून भंगारातून दुसरा १ मिलिअँपिअरचा आणला, जुनी डायल चिकटवली, काम झालं असं वाटतं. समजा मूळ कॉइल ५० ओहमची होती आणि डायल २०० मिलिअँपिअरची. मग शंट (मीटरला समांतर लावलेला, बाकीचा करंट बाजूने नेणारा रेझिस्टर) ५० भागिले १९९, म्हणजे सुमारे ०.२५ ओहमचा. नव्या मीटरची कॉइल १०० ओहमची निघाली आणि शंट तोच राहिला, तर काटा पूर्ण जायला जवळजवळ ४०० मिलिअँपिअर लागतात. डायलवर १०० दिसत असताना व्हॉल्व्हमधून २०० चाललेत! ६१४६ ची मर्यादा १५० च्या घरात आहे. "मीटर तर १०० च दाखवतोय, मग प्लेट लाल का?" या कोड्याचं उत्तर अनेकदा इथेच असतं. कॉइल मोजा, शंटचा हिशेब नव्याने करा.

शंटसाठी साधी तांब्याची वायरही गुंडाळू नका. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. बंद पेटीत, तापलेल्या व्हॉल्व्हच्या बाजूला २० अंश वाढले की ८ टक्के गेले. मँगॅनिन किंवा नायक्रोमची वायर घ्या.

मला स्वतःला शंटपेक्षा दुसरी पद्धत आवडते. कॅथोडमध्ये १० ओहमचा पक्का रेझिस्टर कायमचा ठेवायचा आणि मीटर त्याच्यावर व्होल्टमीटरसारखा वापरायचा. २०० मिलिअँपिअरला तिथे २ व्होल्ट पडतात, म्हणजे ५० ओहमच्या मीटरला सिरीजमध्ये १९५० ओहम. मीटरच्या स्विचमध्ये अर्धा ओहम घाण बसली तरी काट्याला पत्ता लागत नाही. ०.२५ ओहमचा शंट स्विचमधून फिरवला असेल, तर तोच अर्धा ओहम शंटच्या ओळीत येतो, मीटरवरचा भार तिप्पट होतो आणि काटा टोकाला जातो. स्विचचा संपर्क पूर्ण तुटला तर सगळा करंट कॉइलमधून, मग मीटर गेलाच.

चुकीच्या दिशेची चूक

जुने कार्बन रेझिस्टर ओल खाऊन वाढतात, हे सगळ्यांना माहीत असतं. काटा त्यामुळे कुठल्या बाजूला चुकतो, इकडे लक्ष नसतं. व्होल्ट मोजणाऱ्या साखळीतला मोठा रेझिस्टर वाढला की व्होल्ट कमी दिसतात: खरे ७५०, काटा ६०० वर. मालक खूश, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर तणावात. शंट वाढला की उलट, करंट जास्त दिसतो. म्हणून एचटी "कमी" दिसली तर ट्रान्सफॉर्मरला दोष देण्याआधी सेट बंद करून साखळीतला एकेक रेझिस्टर एक टोक सोडवून मोजा. हाय व्होल्टेजला एकाच मोठ्या रेझिस्टरऐवजी चार-पाच सिरीजमध्ये लावा.

पावसाळा आणि फाउंड्रीची धूळ

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात महिनाभर बंद पडलेला सेट एकदम चालू करू नका. रोटरी स्विचच्या फिनॉलिक चकत्या ओल धरतात, ६०० व्होल्टला गळतात आणि सिग्नल पाठवायची कळ न दाबताच काटा थोडा वर उभा राहतो. पेटीत ४०-६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब काही तास पेटता ठेवा, चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग एचटी द्या.

उद्यमबागच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक त्रास. फाउंड्री आणि लेथची बारीक लोखंडी धूळ मीटरच्या चुंबकाकडे ओढली जाते. कॉइलच्या फटीत एक कण शिरला की काटा एका ठरावीक आकड्यावर अडकतो आणि काचेवर टिचकी मारली की सुटतो. असा मीटर वर्कशॉपच्या टेबलावर उघडू नका, घरी पांढऱ्या कागदावर उघडा, आणि कण फुंकून उडवण्याऐवजी सेलोटेपच्या बारीक टोकाने उचला. चुंबक मात्र काढायचा नाही. तो सुटला की ताकद कमी होते आणि मीटर कायमचा कमी दाखवू लागतो. टिचकीने काटा हलत नाही, पण पॅनल पुसल्यावर वेडावाकडा उभा राहतो, तेव्हा ती नुसती स्टॅटिक. काचेवर तोंडाची वाफ सोडा, उतरते.

संध्याकाळचे आकडे

चिक्कोडी, निपाणीकडे उसाला पाणी सुरू झालं की लाइन २३० वरून १९० वर येणं नवीन नाही. मग ६०० ची एचटी ५०० च्या खाली, ६.३ चा हीटर ५.२ वर, आणि प्लेट करंटही पडतो. मीटर बरोबर असतो. अशा वेळी डायल "दुरुस्त" करणारे दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह जास्त दाबतात. आधी लाइन मोजा.

बोलताना, म्हणजे एएमवर, डिजिटल मल्टीमीटर प्लेटला लावून ठेवू नका. पूर्ण मॉड्युलेशनला प्लेटवरचे व्होल्ट शिखरावर दुप्पट होतात, ६०० चे १२००. शिवाय आरएफ (रेडिओ सिग्नल) शिरली की डिजिटल मीटर काहीही आकडे दाखवतो. पॅनलच्या मीटरलाही हा त्रास होतो: डमी लोडवर आकडा ठीक, अँटेना लावली की वेगळा, चेसिसला हात लावला की आणखी वेगळा. मीटरच्या टर्मिनलांवरच ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर लावा, पाय शक्य तितके आखूड ठेवून. मीटर एचटीच्या ओळीत असेल तर दोन्ही टर्मिनलांवरून चेसिसलाही तसाच एकेक, २ किलोव्होल्टचा तरी हवा.

सगळं जुळलं की डमी लोडवरचे आकडे एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा: बँड, ग्रिड, डिपमधला प्लेट करंट, एचटी, आणि त्या क्षणी लाइन किती होती ते.