जुनी अ‍ॅल्युमिनियम जेट बोट दुरुस्त करताना: आधी तळ, मग पंप, इंजिन शेवटी

जुनी जेट बोट दारात आली की पहिला हात चावीकडे जातो. बॅटरी लावायची, पेट्रोल ओतायचं, सेल्फ मारून बघायचा. हा मोह आवरा. बऱ्याच जेट बोटींत पंपाचा शाफ्ट इंजिनाला थेट जोडलेला असतो आणि मागच्या बेअरिंगला थंडावा पाण्याचाच मिळतो. कोरड्या जमिनीवर इंजिन फिरवत राहिलात तर बेअरिंग आणि सील तिथेच जळतात. शिवाय बोट जगते की मरते हे तळाचा पत्रा आणि पंपातली फट ठरवते. इंजिन सोलापुरात कुठेही दुरुस्त होईल.

जेट बोटीला खाली पंखा लटकत नाही. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) ते मागच्या नोझलमधून जोरात फेकतो आणि बोट पुढे सरकते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950च्या दशकात ही रचना रुळवली, ती तिथल्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी. सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या उजनी धरणाला ती म्हणूनच शोभते. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, गेलं की जलाशयात खडक, झाडांची खुंटं, जुन्या बांधांचे दगड वर येतात. पंख्याच्या बोटीची तिथे पंचाईत होते, जेट बोट मात्र हातभर पाण्यातूनही निघते. फक्त उजनीत जलपर्णी आहे, वाळू आहे, मच्छीमारांची नायलॉनची जाळी आहे, आणि पंप हे सगळं ओढून घेतो. दुरुस्ती करताना हे डोक्यात ठेवा.

तळ उघडा करा

आतलं सगळं बाहेर काढा: सीट, फळ्या, टाकी, वायरिंग. फळ्यांखाली फोम असेल तर तोही. जुना फोम पाणी पिऊन जड होतो आणि पत्र्याला सतत ओला ठेवतो. वेल्डिंगआधी तर तो काढायलाच हवा, कारण पेटला की धूर विषारी असतो. पेट्रोलची टाकी शेडमधून लांब नेऊन ठेवा.

मग तळातला कचरा हाताने वेचा. तांब्याच्या वायरीचा बोटभर तुकडासुद्धा ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर पडून राहिला तर त्याखाली खड्डा पडतो. बोट मुंबई-गोव्याकडून आली असेल तर फटीफटीत मीठ असतं, गोड्या पाण्याने ती दोन-तीनदा धुवा. जिथे पांढरी भुकटी दिसते तिथे स्टेनलेसच्या ब्रशने घासा. लोखंडी ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून पुढे गंज धरतात. वरवरचे ठिपके चालतात. खड्डा पत्र्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेला असेल तर तिथे नवा तुकडा लावावा लागेल.

गळती शोधा

बोट ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं. पण बेताने. तळ 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सपाट धरला, तर 10 सेंटिमीटर पाण्याचं वजन 600 किलो होतं. ट्रेलरचा आधार नीट नसेल तर चांगला तळ तुम्हीच वाकवाल. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा घरच्यांशी आधी बोलून घ्या. पाण्यात थोडी कपड्यांची नीळ टाकली की ठिबकणारी जागा चटकन दिसते. प्रत्येक जागेला बाहेरून खडूने गोल करा. केसाएवढे तडे पाण्याने सापडत नाहीत, त्यासाठी तड्यात शिरणारा लाल रंगाचा डाय पेनिट्रंट स्प्रे मिळतो. जाळीच्या तोंडाभोवती आणि पंप जिथे बोल्टने बसतो तिथे तो जरूर मारा, हादरे सगळ्यात जास्त तिथेच बसतात.

वेल्डिंग

अ‍ॅल्युमिनियम जोडण्याच्या कामाला वर्कशॉपमध्ये ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात, कारण टाक्याला हवेपासून आर्गन वायू झाकतो. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत करणारे भेटतील. पण नुसतं ‘अ‍ॅल्युमिनियम करता का’ विचारून भागत नाही. बोटीचा पत्रा बहुधा 5052 किंवा 5083 नंबरच्या मिश्रधातूचा असतो, त्याला 5356 ची फिलर (भरायची) तार चालते. मशीन एसी करंटवर चालणारं हवं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2,000 अंशांच्या पुढे. तो थर आधी काढला नाही तर खालचा धातू वाहून जातो आणि वर कातडी तशीच राहते. म्हणून आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, ते पूर्ण उडू द्यायचं, मग नवा स्टेनलेस ब्रश, मगच वेल्डिंग. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर इथे अजिबात नको. त्याचे अंश आर्कखाली विषारी वायू होतात.

तड्याच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही. काम चालू असताना पंखा बंद. कारागीर कुरकुरेल, पण झोताने आर्गन उडून जातो आणि वेल्डिंगच्या टाक्यात छिद्रं राहतात. पावसाळी दमट हवेतही तोच त्रास.

रिव्हेटची बोट असेल तर सैल रिव्हेटवर वेल्डिंग करू नका. रिव्हेट पुन्हा ठोकून घ्या किंवा काढून नवा बसवा, सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा. घरबांधणीचा साधा सिलिकॉन इथे टिकत नाही.

पंप

इथे घाई करू नका. पंप उतरवून इम्पेलर बाहेर काढा. पात्यांच्या कडा बघा: दगडाने वळलेल्या असतात किंवा वाळूने गोल झालेल्या. मग इम्पेलर परत बसवून पातं आणि बाहेरची रिंग यांतली फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा, चारही बाजूंनी. नेमका आकडा पंपाच्या मॅन्युअलमधला धरायचा. साधारणपणे एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट चांगली. ती एक मिलिमीटरच्या पुढे गेली की पाणी मागे परततं, इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. गिऱ्हाईक तेव्हा इंजिनाला दोष देतो आणि पिस्टन बदलून घेतो.

फट वाढली असेल तर बहुतेक पंपांत ही वेअर रिंग बदलता येते. तयार मिळाली नाही तर लेथवर करून घेता येते. यंत्रमागाचे सुटे भाग घडवणाऱ्या गावात चांगला लेथवाला शोधायला फार फिरावं लागू नये. इम्पेलरच्या कडा भरून घेतल्या तर बॅलन्सिंग करून घ्या, नाहीतर बेअरिंग लवकर जाईल. पंप उघडलाच आहे तर बेअरिंग, ऑइल सील आणि ओ-रिंग नव्या टाका.

तळाची जाळी वाकली असेल तर सरळ करा. फटी फार रुंद झाल्या की खडे आत जातात, फार बारीक केल्या की जलपर्णीने तोंड बंद होतं.

दोन धातू आणि रंग

स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला थेट लावला की ओलीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि इन्सुलेटिंग पेस्ट हवी. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) लावा. समुद्रावरून आलेल्या बोटीला जस्ताचे असतात, ते गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. अ‍ॅनोडला रंग लावू नका. तांबं असलेला तळाचा रंगही नको. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीचा तळ उघडा ठेवलेलाच बरा, असं माझं मत. बाजूंना रंग हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा एचिंग प्रायमर आधी मारा. हे काम हिवाळ्यात उरका. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा हाताला चटका देतो आणि रंग पसरायच्या आत वाळतो.

इंजिन आणि वीज

पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं. मोटारीचा साधा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवून पैसे वाचवू नका. पेट्रोलची वाफ जड असते, तळात साठते आणि एका ठिणगीची वाट बघते. मरीन पार्टच घ्या, कार्ब्युरेटरवर फ्लेम अरेस्टर (ज्वाळा अडवणारी जाळी) लावा आणि सुरू करण्याआधी तळातली वाफ बाहेर काढणारा ब्लोअर 4 मिनिटं चालवा. वायरिंगमध्ये बोटीचा पत्रा अर्थिंग म्हणून वापरू नका, प्रत्येक दिव्याला दोन वायरी ओढा.

पाण्यात उतरवताना

इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जहाज कायदा, 2021 नुसार नोंदणी लागते आणि जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी. हे आधी उरका. 21 मे 2024 ला उजनी जलाशयातल्या कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. त्यामुळे पहिली चाचणी सकाळी, काठाजवळ, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. दहा मिनिटांनी थांबून तळात पाणी आलं का बघा, मग सुकाणू आणि रिव्हर्सची बादली (नोझलचा झोत उलटा वळवणारा भाग) तपासा.

जलपर्णी अडकली की आवाज वाढतो आणि वेग पडतो. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका, मगच जाळीत हात घाला. घरी आल्यावर पंपाचे बोल्ट पुन्हा आवळा आणि फट परत एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.