स्टॉक एन्ट्री चुकायची, फॉर्म टूर लावली

एका गोदामातून दुसऱ्यात हलवलेला माल आमच्या हिशेबातून गायब व्हायचा. ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मालाची ये-जा ‘स्टॉक एन्ट्री’ या फॉर्ममध्ये नोंदवतात. तिथे ‘मटेरियल ट्रान्सफर’ऐवजी ‘मटेरियल इश्यू’ निवडलं जायचं. इश्यूत माल नुसता वजा होतो, कुठेच जमा होत नाही. मी १४ पानी पीडीएफ करून दिली. ती कॅलेंडरमागे खोचलेली सापडली!

मग ‘फॉर्म टूर’ बनवली, म्हणजे फॉर्म भरतानाच स्क्रीनवर एकेक पायरी दाखवणाऱ्या सूचना. पायऱ्या तीनच: प्रकार, कुठून, कुठे. प्रत्येक पायरीला फॉर्ममधलं एक फील्ड (भरायचा रकाना) निवडायचं आणि मजकूर लिहायचा. आधी मी ‘सोर्स वेअरहाउस निवडा’ लिहिलं, कुणाला कळेना. ‘माल कुठून उचलला?’ लिहिल्यावर मला विचारणारे फोन थांबले. पहिल्या पायरीला अटही घातली: ट्रान्सफर निवडल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही.