कुत्र्याला घेऊन शिवारात फिरायला जाताय? या चुका टाळा

ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावात गोल्फ कोर्सकडं बिबट्या दिसला, शाळांना सुट्ट्या दिल्या, तेव्हापासून कुत्रं घेऊन बाहेर पडलं की लोकांचा पहिला प्रश्न बिबट्याचाच. मी सहा वर्षं आमच्या शेराला घेऊन येळ्ळूर-राजहंसगडच्या शिवारात फिरतोय, बिबट्या एकदाबी दिसला नाही, म्हशीनं मात्र मला बांधावरनं खाली पाडलंय.

चूक माझीच. पट्ट्याची दोरी हाताला दोन वेढे देऊन धरायची सवय होती मला. पाणंदीत एक म्हैस रेडकू घेऊन उभी, शेरा भुंकला, म्हशीनं मुंडी खाली घातली आणि सरळ आमच्यावर. शेरा घाबरून माझ्या पायामागं लपला आणि मी दोरी घट्ट धरून तिथंच. म्हशीचा राग कुत्र्यावर असतो हो, तुमच्यावर नाही, तुम्ही मधी सापडता एवढंच. अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यायची, कुत्रं तिच्यापेक्षा जोरात पळतंय आणि नंतर आपोआप तुमच्याकडं येतंय. त्याआधी शक्य असेल तर रेडकू आणि म्हैस यांच्या मधनं जाऊच नका, लांबनं वळसा घाला. आणि वेढे तर अजिबात नको, माझं मनगट महिनाभर सुजलेलं.

आता उलटी गोष्ट. भातकापणी झाली की शिवारात धनगरांची मेंढरं बसतात, लोक खतासाठी मुद्दाम बसवून घेतात, आणि त्यांच्याबरोबर राखणीची कुत्री. एखाद्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा पण असतो, लांडग्यासाठी. इथं मात्र दोरी सोडायची नाही. गावातल्या कुत्र्यांसमोर नुसतं वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी ती मागं सरतात, मेंढरांची कुत्री सरत नाहीत, उलट चवताळतात. मी एकदा ते करून बघितलंय. लांबनं धनगर कन्नडमधनं ओरडला, "नायी हिडकोरी!" म्हणजे कुत्रं धरा, मी आपलं त्यालाच म्हणतोय तुमचं धरा की ओ मामा! तो येईपर्यंत दोरी आखूड करून, न पळता, कळपाकडं न बघता मागं मागं सरायचं. भांडण जुंपलंच तर मधी हात घालू नका, बाटलीतलं पाणी तोंडावर मारा.

मोकळं सोडायचा हट्ट पण नको. मुधोळ या शिकारी जातीच्या रक्ताचं कुत्रं असेल तर ससा किंवा मोर दिसला की ते नजरेनंच धावतंय, तुमची हाक ऐकू येत नाही त्याला. उचगाव-बेकिनकेरेकडं रताळ्याच्या रानात रानडुकरं येतात, डुकराच्या सुळ्यानं कुत्र्याचं पोट फाटतंय. जांबोटी, कणकुंबीकडं गवा दिसला तर तिथनंच माघारी फिरा, व्हिडिओ नंतर.

सापाचं जरा नीट सांगतो. थंडीत संध्याकाळी बांधावरच्या गवतात, पिंजराच्या (भाताच्या वाळल्या काडाच्या) ढिगाखाली घोणस असतीय, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करतीय, आणि कुत्रं नेमकं नाक घालतंय म्हणून चावा तोंडाला नाहीतर पुढच्या पायाला बसतोय. लोक काय करतात तर दोरीनं आवळून बांधतात, हळद लावतात आणि कुत्र्याला चालवत घरी नेतात. चालवलं की विष लवकर पसरतंय. पट्टा काढा (तोंडाला किंवा गळ्याला सूज आली की तोच आवळतोय), पोत्यावर झोपवून उचला आणि निघताना डॉक्टरांना फोन करून विचारा की सापाचं इंजेक्शन आहे का. सगळ्या दवाखान्यात नसतंय, म्हणून हे आधीच विचारून ठेवलेलं बरं, मी गेल्या सुगीत विचारून ठेवलंय. साप मारून सोबत नेऊ नका, लांबनं फोटो मिळाला तर बघा.

पावसाळ्यात बेडूक तोंडात धरला आणि फेस आला तर मुंडी खाली धरून तोंड बाजूनं धुवा, पाणी घशात ओतू नका. खानापूरकडच्या जंगलात माकड मरून पडलेलं दिसलं तर कुत्र्याला हुंगू देऊ नका, 1957 मध्ये शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप मुख्यतः गोचिडांमुळं माणसाला होतोय. घरी आल्यावर कानाच्या मागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचीच.

आणि शेवटची, सगळ्यात जास्त होणारी चूक. भटकं कुत्रं तुम्हाला ओरबाडलं आणि तुम्ही म्हणता, "आमच्या शेराला रेबीजचं इंजेक्शन झालंय की." ते शेराला झालंय ओ, तुम्हाला नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, मोबाईलवर टायमर लावा, कारण दोन मिनिटांतच 15 झाल्यासारखी वाटतात, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पुढचे डोस पण पूर्ण करा. आमच्या शेजारच्या काकांनी दोन घेतले आणि तिसऱ्याला म्हणाले, "ऊसतोड आहे, जमत नाही." काकूंनी त्यांना ट्रॅक्टरवरनं ओढून नेलं.